नौकेवरच्या दोन बॅटऱ्या आणि त्यांचा जमाखर्च

समुद्रावर दूरवर जाणाऱ्या यांत्रिक नौकेवर पुष्कळदा एकाऐवजी दोन बॅटऱ्या ठेवलेल्या असतात. पहिली केवळ इंजिन चालू करण्यासाठी राखलेली. दुसरी दिवे, वायरलेस, दिशादर्शक यंत्र आणि तळाचे पाणी उपसणारा पंप यांच्या दिमतीस. ही वाटणी चैनीची नव्हे. मोठे डिझेल इंजिन हाताने फिरवता येत नाही. रात्रभर दिवे जळून बॅटरी संपली आणि पहाटे सेल्फ फिरलाच नाही, तर तांडेलाला मदतीची हाक मारणे एवढेच उरते. आणि तीही वायरलेसपुरती वीज शिल्लक असेल तर! किराण्याचे पैसे आणि औषधपाण्याचे पैसे निरनिराळ्या डब्यांत ठेवणाऱ्या गृहिणीला यातले मर्म सांगावे लागणार नाही.

परंतु दुसऱ्या डब्यात शिल्लक किती, हे कळावे कसे? व्होल्ट दाखवणारा काटा असतोच की, असे कोणी म्हणेल. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाची बॅटरी सिद्ध केली. तिचा स्वभाव असा की, पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी काही तास विसावली असता सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते आणि निम्मी रिकामी झाली तरी १२.२ च्या आसपास. अर्धी शिदोरी संपली, आणि काटा हलला अवघा अर्धा व्होल्ट! त्यातून दिवे लावले की दाब खाली बसतो, इंजिन चालू होताच चौदाच्या घरात चढतो. चालत्या नौकेवर बॅटरीला विसावा मिळायचा कधी?

म्हणून दाब पाहण्यापेक्षा आत-बाहेर जाणाऱ्या प्रवाहाचीच नोंद ठेवणे बरे. बॅटरी-मॉनिटर हे यंत्र तेवढेच करते. त्याचा प्राण म्हणजे शंट नावाची धातूची एक जाड पट्टी. ५०० अँपिअर प्रवाह गेला असता जिच्या दोन टोकांत ५० मिलिव्होल्टचा फरक पडतो, अशी पट्टी सर्रास वापरतात. म्हणजे १० अँपिअरला एक मिलिव्होल्ट. एवढासा फरक यंत्र मोजते, वेळेने गुणते आणि अँपिअर-तासांची बेरीज-वजाबाकी करत राहते.

आमच्या श्रोत्यांपैकी वडीलधाऱ्यांना जकातनाका आठवत असेल. जकात गेली, पण नाक्याचे गुपित सर्वांना ठाऊक होते. गावात शिरायला दुसरी एक पायवाट असली की नाक्यावरची वही खोटी ठरे. शंटचेही तसेच आहे. दिव्यांच्या बॅटरीच्या ऋण टोकापासून एकच जाड तार निघावी आणि ती शंटच्या एका बाजूस जावी. त्या टोकावर दुसरी कोणतीही तार नको. दिवे, पंप, वायरलेस, चार्जर, इंजिनाचा सांगाडा, या सर्वांच्या ऋण तारा शंटच्या पलीकडल्या बाजूस एकत्र याव्यात. चूक होते ती बहुधा पंपाच्या बाबतीत. मुख्य बटण बंद असतानाही पंप चालावा म्हणून त्याची धन तार थेट बॅटरीला जोडतात, ते योग्यच. पण त्याच ओघात ऋण तारही थेट जोडली जाते, आणि पंप रात्रभर चोरवाटेने वीज नेतो. मॉनिटर मात्र शंभर टक्के दाखवत बसतो.

इंजिनाच्या बॅटरीचे ऋण टोकही शंटच्या पलीकडेच, सामायिक पट्टीवर यावे. ते दिव्यांच्या बॅटरीच्या टोकाशी जोडले, तर सेल्फचा शेकडो अँपिअरचा प्रवाह शंटमधून परतेल आणि दिव्यांच्या खात्यावर खर्च म्हणून पडेल. त्या बॅटरीची मोजदाद करण्याची गरजही नसते. तिच्या धन टोकापासून एक बारीक तार मॉनिटरला दिली की तिचा दाब कळतो, आणि तिच्यापुरते ते पुरे. अशा प्रत्येक बारीक तारेला बॅटरीच्या अगदी जवळ लहानसा फ्यूज हवाच. तार कोठे घासून उघडी पडली, तर फ्यूज वितळेल. तो नसेल तर तार पेटेल, आणि समुद्रावर आगीपासून पळायला जागा नसते.

इतके करूनही हिशेबात थोडी तूट राहतेच. भरलेली सगळी वीज परत मिळत नाही. शिवाय १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे २० तास ५ अँपिअर देणारी. तिच्यातून ५० अँपिअर ओढले तर दोन तास मिळत नाहीत. हा नियम पॉइकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली मांडला. मॉनिटरमध्ये त्याचे आकडे भरता येतात. तरीही अधूनमधून बॅटरी पूर्ण भरून यंत्राला पुन्हा शंभरावर आणावे लागते.

जोडणी बरोबर झाली की नाही, हे बंदरातच पाहून घ्यावे. सारे बंद करून २४ वॅटचा एकच दिवा लावावा. मॉनिटरने सुमारे २ अँपिअर खर्च दाखवला पाहिजे. मग पंप हाताने चालवून पाहावा. आकडा वाढला पाहिजे. शेवटी, दोन्ही बॅटऱ्या जोडणारे बटण उघडे ठेवून सेल्फ मारावा. त्या क्षणी आकडा शेकड्यांत उडाला, तर इंजिनाच्या बॅटरीची ऋण तार नाक्याच्या अलीकडे लागली आहे. ती काढून पलीकडे न्यावी.