जामिया मिल्लिया : माध्यमभाषा आणि संस्थेची जडणघडण

असहकार व खिलाफत चळवळींच्या काळात, २९ ऑक्टोबर १९२० रोजी, अलीगढ येथे जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. सरकारी अनुदान नाकारणे हा संस्थापकांचा राजकीय निर्णय होता. उर्दूला शिक्षणाचे माध्यम करणे हा तितकाच मूलगामी सांस्कृतिक निर्णय होय. १९२४ मध्ये खिलाफतच संपुष्टात आली आणि संस्थेचा आर्थिक आधार तुटला. १९२५ मध्ये ती दिल्लीच्या करोलबागेत आली. १९२६ पासून झाकिर हुसेन कुलगुरू झाले. १९२८ मध्ये त्यांनी व काही सहकाऱ्यांनी, दरमहा दीडशे रुपयांहून अधिक वेतन न घेता वीस वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा केली.

उर्दूतून शिकवायचे तर उर्दूत ग्रंथ हवेत. या गरजेमुळे ‘मकतबा जामिया’ या प्रकाशनसंस्थेला आणि ‘जामिया’ या नियतकालिकाला शैक्षणिक कार्यात मध्यवर्ती स्थान लाभले. याच नियतकालिकात डिसेंबर १९३५ मध्ये प्रेमचंदांची ‘कफन’ ही कथा प्रथम उर्दूत छापली गेली. हिंदीत ती १९३६ मध्ये आली. ही कथा केवळ हिंदीची मानून वाचणाऱ्या अभ्यासकाच्या नजरेतून तिचे पहिले भाषिक घर निसटते. संहितेचा तौलनिक विचार करताना तिला आश्रय देणाऱ्या संस्थेचा इतिहासही म्हणूनच विचारात घ्यावा लागतो.