मरणाआधी दिलेले पैसे कोणाच्या हाती राहतात?

अमेरिकेत माणूस गेला की पहिला फोन बहुधा फ्युनरल होमला जातो. मृतदेह नेण्यापासून तो जपणे, पेटी, दर्शनाची व्यवस्था, कागदपत्रे आणि शेवटी दफन किंवा दहन, सगळे तेच पाहतात. २०२३ मध्ये तिथल्या फ्युनरल डायरेक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने दर्शन व दफनासह होणाऱ्या अंत्यविधीचा मध्यम खर्च ८,३०० डॉलर दिला होता. दफनभूमीतली जागा आणि वरचा दगड यांचे पैसे वेगळे. एवढी रक्कम मुलांवर अचानक पडू नये म्हणून लाखो वृद्ध माणसे हयातीतच आपल्या अंत्यविधीचा करार करतात आणि पैसे एकरकमी किंवा हप्त्याने भरून टाकतात. या कराराला तिथे ‘प्रीनीड’ म्हणतात, म्हणजे गरज पडण्याआधीचा.

या खरेदीत एक मूलभूत अडचण आहे. जिने पैसे भरले ती व्यक्ती माल मिळताना तो तपासायला नसते. करार आणि विधी यांच्यात पंचवीस वर्षेही जाऊ शकतात. तेवढ्यात दुकान विकले जाते, मालक बदलतो, मुले दुसऱ्या राज्यात स्थायिक होतात, आणि आईने असा काही करार केला होता हे त्यांना ठाऊकही नसते. फसवणूक झालीच तर तक्रार करणारा माणूस जागेवर नाही. म्हणून या धंद्यात कोणी उतरायचे, कोणी सही घ्यायची आणि पैसा कुठे ठेवायचा हे अमेरिकेतली राज्ये कायद्याने ठरवतात. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. मी इथे मिसूरीचा घेते, कारण तिथे ही व्यवस्था एका प्रचंड घोटाळ्यातून घडली आणि तिच्या जवळजवळ प्रत्येक कलमामागे काहीतरी घडून गेलेले आहे.

मिसूरीत २८ ऑगस्ट २००९ पासून लागू असलेला कायदा या व्यवहारात तीन वेगळ्या भूमिका मानतो. विक्रेता करार करतो आणि पैशाची जबाबदारी घेतो. सेवा देणारा, म्हणजे फ्युनरल होम, उद्या प्रत्यक्ष विधी करणार असतो. तिसरा एजंट, जो विक्रेत्याच्या वतीने घरोघरी किंवा कार्यालयात बसून करार विकतो. विक्रेता आणि सेवा देणारा पुष्कळदा एकच असतात. गावातले जुने फ्युनरल होम स्वतःच करार विकते आणि विधीही करते. पण कायद्याला त्याने फरक पडत नाही. दोन्ही कामे करायची तर दोन्ही परवाने हवेत, आणि फ्युनरल होम चालवण्याचा मूळ परवाना याहून निराळा.

हे परवाने देते एम्बामर (मृतदेह जपणारे) व फ्युनरल डायरेक्टरांसाठीचे राज्य मंडळ. त्याचे कार्यालय जेफरसन सिटी या राजधानीत आहे. विक्रेत्याला अर्जात कामाची जबाबदारी असलेल्या व्यवस्थापकाचे नाव द्यावे लागते आणि पैसा ज्या विश्वस्त संस्थेकडे राहणार तिचीही माहिती द्यावी लागते. पुढे दरवर्षी ३१ ऑक्टोबरपर्यंत अहवाल द्यायचा. सेवा देणाऱ्यालाही परवाना व वार्षिक अहवाल चुकत नाही. एजंटला परवाना नाही, नोंदणी आहे. त्याने राज्याच्या कायद्यावरची परीक्षा उत्तीर्ण व्हायची आणि आपण कोणकोणत्या विक्रेत्यांसाठी करार विकतो ते मंडळाला लिहून द्यायचे. मला या नोंदणीतली ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची वाटते. घरी आलेला माणूस गोड बोलला, फॉर्म भरून घेऊन गेला आणि पुढे बेपत्ता झाला, तर त्याच्यामागे कोण उभे होते याचा धागा सरकारदरबारी आधीच असतो.

आता पैशाकडे. त्याला तीन वाटा आहेत.

पहिली वाट ट्रस्टची. ग्राहकाने भरलेली रक्कम विक्रेत्याने साठ दिवसांत ट्रस्टमध्ये जमा करायची, आणि हा ट्रस्ट विश्वस्ताचे अधिकार असलेल्या बँकेसारख्या वित्तसंस्थेकडेच असला पाहिजे. विक्रेत्याला त्यातून करार केल्याबद्दल एकूण किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि त्याखेरीज आणखी १० टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते. म्हणजे ८,००० डॉलरचा करार असेल तर ४०० आणि ८०० मिळून १,२०० डॉलर विक्रेत्याकडे जाऊ शकतात. उरलेले ६,८०० मृत्यूपर्यंत हलत नाहीत. विधी झाल्यावर तसे प्रमाणपत्र तयार होते, त्यावर फ्युनरल होमच्या प्रतिनिधीची आणि घरच्या जबाबदार माणसाची सही होते, आणि मगच विश्वस्त पैसे सोडतो. खरेदी करणारी व्यक्ती गेलेली असली तरी तिच्या बाजूने कोणीतरी ‘होय, काम झाले’ असे म्हटल्याशिवाय तिजोरी उघडत नाही.

दुसरी वाट विम्याची. माणसाच्या नावावर आयुर्विमा पॉलिसी काढायची आणि मृत्यूनंतर तिच्या रकमेतून विधीचा खर्च भागवायचा. तिसरी, फारच साधी, संयुक्त बँक खात्याची. खाते ग्राहक आणि विक्रेता या दोघांच्या नावे असते.

कराराच्या कागदावर कोणती वाट घेतली आहे हे स्पष्ट लिहावे लागते. सोबत विक्रेत्याचे व फ्युनरल होमचे नाव-पत्ता, ठरलेल्या वस्तू आणि सेवा, आणि किंमत हमीची आहे की नाही हेसुद्धा. हमीच्या करारात आज ठरलेल्या पैशात उद्याचा विधी करून द्यायचा असतो. दरम्यान पेटीची किंमत दुप्पट झाली तरी घरच्यांकडून जास्त मागता येत नाही. बिनहमीच्या करारात साठलेली रक्कम फक्त बिलातून वजा होते. माणसे हा एक शब्द वाचायचा विसरतात आणि भांडणे बहुतेक इथेच होतात.

पेटीसारख्या छोट्या व्यवहारासाठी एवढी कुलपे का, याचे उत्तर नॅशनल प्रीअरेंज्ड सर्व्हिसेस या कंपनीत आहे. १९७९ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी मिसूरीत सेंट लुईसजवळून चालत असे. ती स्वतः विधी करत नव्हती. देशभरातल्या फ्युनरल होमांमार्फत ती करार विकायची, पैसे आपल्याकडे घ्यायची आणि माणूस गेला की फ्युनरल होमला ठरलेली रक्कम द्यायची. त्या वेळचा मिसूरीचा कायदा विक्रेत्याला २० टक्के स्वतःकडे ठेवू द्यायचा आणि ८० टक्के ट्रस्टमध्ये टाकायला सांगायचा. त्यातच एक फट होती: ट्रस्टमधल्या पैशाच्या गुंतवणुकीचा ताबा ‘स्वतंत्र’ सल्लागाराकडे देता येत असे.

कंपनीने ट्रस्टचा पैसा आयुर्विमा पॉलिसींमध्ये घातला, आणि त्या पॉलिसी देणारी टेक्सासची लिंकन मेमोरियल ही विमा कंपनी याच समूहाची होती. मग त्याच पॉलिसींवर कर्जे काढली गेली. ग्राहकांच्या अर्जांवरचे आकडे आणि नावे बदलली गेली, काही ठिकाणी अक्षरशः पांढऱ्या शाईने खोडून. जुन्या ग्राहकांच्या अंत्यविधीची बिले नव्या ग्राहकांच्या हप्त्यांतून भागवली जाऊ लागली. सल्लागारही नावापुरताच स्वतंत्र होता. २००८ मध्ये टेक्सासच्या विमा नियामकांनी हस्तक्षेप केला आणि सगळे कोसळले. सुमारे ९७,००० ग्राहक यात सापडले, आणि नुकसान साडेचारशे दशलक्ष डॉलरच्या वर गेले.

या धंद्याच्या केंद्रस्थानी असलेला जेम्स डग्लस कॅसिटी हा पूर्वी फसवणुकीच्या प्रकरणात दोषी ठरून वकिलीची सनद गमावलेला माणूस होता. २०१३ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला नऊ वर्षे सात महिन्यांची शिक्षा झाली. त्याचा मुलगा ब्रेंट याला पाच वर्षे. तो ‘स्वतंत्र’ गुंतवणूक सल्लागार ज्युरीसमोर दोषी ठरला आणि दहा वर्षांसाठी तुरुंगात गेला. मृतांच्या घरच्यांना मात्र तुरुंगवासाने काही मिळत नाही. त्यांचे विधी निभावले ते राज्याराज्यांतल्या विमा हमी संघांनी आणि कित्येक लहान फ्युनरल होमांच्या मालकांनी, ज्यांनी पुरते पैसे न मिळताही दिलेला शब्द पाळला. या मालकांबद्दल फार कमी लिहिले गेले आहे, याचे मला वाईट वाटते.

हे माहीत असले की २००९ चा कायदा वेगळा वाचता येतो. कराराच्या पैशावर कर्ज काढायचे नाही किंवा तो करार तारण ठेवायचा नाही, हे कलम त्या पॉलिसी-कर्जांचे उत्तर आहे. पूर्वीची २० टक्क्यांची मोकळीक १५ वर आली. आणि करार विकणाऱ्या प्रत्येकाची मंडळाकडे नोंद असणे बंधनकारक झाले.

पण परवाना म्हणजे हमी नव्हे, हे ग्राहकाने समजून घ्यायला हवे. मंडळाने प्रत्येक विक्रेत्याची आर्थिक तपासणी पाच वर्षांतून किमान एकदा करावी, असे कायदा म्हणतो, आणि तेही निधी उपलब्ध असेल त्या मर्यादेत. पाच वर्षे हा काळ लहान नाही. शिवाय २००९ पूर्वी केलेल्या करारांना जुनाच कायदा लागू राहतो, त्यामुळे ऐंशीच्या दशकात सही केलेल्या कागदाला नव्या संरक्षणाचा फारसा आधार नाही. आणि दफनभूमीतली जागा या कायद्यात येतच नाही. तिचा कायदा निराळा. एकाच दिवशी एकाच माणसाकडून पेटी आणि जागा दोन्ही घेणाऱ्याला दोन वेगवेगळ्या यंत्रणांशी संबंध येतो, हे कोणी सहसा सांगत नाही.

मग हे करार लोक घेतात तरी का? एक मोठे कारण भावनेचे नसून हिशेबाचे आहे. म्हातारपणी नर्सिंग होमचा खर्च सरकारी मेडिकेड योजनेतून मिळवायचा असेल तर स्वतःची मालमत्ता फार थोडी असावी लागते. मात्र अंत्यविधीचा रद्द न करता येणारा करार त्या मोजणीत धरला जात नाही. म्हणून नर्सिंग होममध्ये जाण्याच्या आधीच्या महिन्यांत अनेक कुटुंबे असा करार करतात. त्यात चुकीचे काहीच नाही. फक्त ‘रद्द न करता येणारा’ या पर्यायावर खूण केली की पुढे रोख रक्कम परत मागता येत नाही. गडबडीत केलेली ती एक खूण कायमची ठरते.

१९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत गेलेली मराठी माणसांची पहिली पिढी आज ऐंशीच्या घरात आहे. तिच्यासाठी दहन ठरलेले असते, आणि दहनही फ्युनरल होममार्फतच होते. मिसूरीत दहनाचा आगाऊ करारही याच कायद्याखाली येतो. त्यामुळे तिथे आई-वडिलांसोबत बसून असा कागद वाचणाऱ्या मुलांनी सही करण्याआधी मंडळाच्या संकेतस्थळावर तीन नावे शोधावीत: विक्रेता, फ्युनरल होम आणि समोर बसलेला एजंट. तिघांचीही नोंद सापडली पाहिजे. मग कागदावर हमी आहे का, रद्द करता येतो का, आणि पैसा ट्रस्टमध्ये जाणार की विम्यात, हे पाहावे. ट्रस्ट असेल तर विश्वस्त बँकेचे नाव विचारून थेट तिच्याकडे खातरजमा करावी. विमा असेल तर पॉलिसी कोणाच्या नावे आणि हप्ता कोणाला, ते पाहावे. फ्युनरल होमकडून दरपत्रकही मागावे. ते देणे संघराज्याच्या नियमानुसार १९८४ पासून बंधनकारक आहे, आणि फोनवर भाव सांगायला नकार देता येत नाही.

सही झाल्यावर कराराची एक प्रत मुलांकडे आणि एक घरात, सहज हाताला लागेल अशा फाइलमध्ये ठेवावी. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नये, कारण लॉकर बहुधा विधी उरकल्यानंतरच उघडला जातो.