सीपी-बेरारमधील चित्रपट-प्रसिद्धी आणि बुलढाणा जिल्हा

चित्रपटाची वार्ता तो पडद्यावर येण्याआधीपासून पडद्यावरून उतरेपर्यंत प्रेक्षकांपर्यंत पोहोचवणारा प्रसिद्धिकार मराठी चित्रपट-इतिहासात बहुधा श्रेयनामावलीतील एका ओळीपुरताच उरतो. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात हेच काम करणाऱ्यांच्या वाट्याला तर ती ओळही आली नाही.

या व्यवसायाचे पहिले धडे दादासाहेब फाळके यांनी स्वतःच गिरवले. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात लागला. पुढे सुरतेत, थोड्या पैशांत रात्रभर नाटक पाहण्याची सवय असलेला प्रेक्षक फिरकेना, तेव्हा त्यांनी 57 हजार छायाचित्रांचे, दोन मैल लांबीचे चित्र अवघ्या तीन आण्यांत, अशी जाहिरात केल्याचे सांगितले जाते. 35 मिलिमीटर फितीच्या एका फुटात 16 चौकटी बसतात, त्यामुळे 57 हजारांचा आकडा चित्रपटाच्या नोंदलेल्या 3,700 फूट लांबीशी बऱ्यापैकी जुळतो. दोन मैल मात्र शुद्ध थाप, कारण ही फीत पाऊण मैलही भरत नव्हती. खऱ्या आकड्याच्या आधाराने फुगवलेला आकडा खपवण्याची ही रीत धंद्याने पुढे कधी सोडली नाही.

कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी या कामाला चित्रकाराचा हात दिला. नाटकांचे पडदे रंगवून तयार झालेल्या या कलावंताने आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगवली, आणि 1924 च्या ‘कल्याण खजिना’चे भित्तिपत्रक आज ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय भित्तिपत्रकांत गणले जाते. मुंबईत पुढे प्रसिद्धी हा लेखकांचा उंबरठाही ठरला: ख्वाजा अहमद अब्बास बॉम्बे टॉकीजमध्ये अर्धवेळ प्रसिद्धीचे काम करत पटकथेकडे वळले, तर ‘आवारा’ (1951) आणि ‘श्री 420’ (1955) यांच्या लेखनात त्यांचे सहकारी असलेले व्ही. पी. साठे हे मराठी गृहस्थ प्रसिद्धीच्याच व्यवसायातले होते.

वऱ्हाडच्या टोकाला, बुलढाणा जिल्ह्यात, मात्र या कामाचे रूप वेगळे होते. चित्रपट-वितरणासाठी देशाचे जे व्यापारी विभाग पडले, त्यांना धंद्यात ‘टेरिटरी’ किंवा ‘सर्किट’ म्हणतात, आणि मध्यप्रांत-वऱ्हाड हे प्रशासकीय नाव 1956 च्या राज्य पुनर्रचनेपूर्वीच पुसले गेले असले तरी चित्रपटाच्या व्यापारात ‘सीपी-बेरार’ आजही नांदते आहे. या सर्किटमध्ये अमरावती आणि भुसावळ ही वितरणाची ठाणी होती; वितरक-प्रदर्शकांच्या सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचे मुख्य कार्यालयही भुसावळचेच. मलकापूर, नांदुरा आणि शेगाव ही गावे मुंबई-नागपूर लोहमार्गावर, खामगाव जलंबहून निघणाऱ्या फाट्यावर आणि जिल्ह्याचे ठाणे असलेले बुलढाणा मात्र रेल्वेविना घाटावर, अशी स्थिती असल्याने चित्रपटाच्या पेट्या आणि भित्तिपत्रकांच्या गुंडाळ्या घाटाखालच्या गावांना सहज मिळत, तर घाटावर त्या रस्त्याने चढवाव्या लागत.

गावात पोहोचलेल्या प्रसिद्धी-साहित्याला बोलते करणारे लोक थिएटरचेच असत. व्यवस्थापक आठवडी बाजाराचा दिवस हेरी, पेंटर फळ्यावर नटनटीचे चेहरे आणि खेळांच्या वेळा रंगवी, आणि भोंगा लावलेल्या टांग्यातून हँडबिले, म्हणजे स्वस्त रंगीत कागदावरची जाहिरातपत्रके, उधळली जात. खामगावसारख्या कापसाच्या पेठेत चांगला चित्रपट कापूस विकून शेतकऱ्याच्या हाती पैसा येण्याच्या दिवसांत लावण्यातच शहाणपण होते, आणि हा हिशेब मुंबईच्या कचेरीत बसलेल्या प्रसिद्धिकाराला जमण्यासारखा नव्हता. प्रसिद्धीची खरी कारागिरी त्यामुळे या टोकाला होती. मुंबईतली कचेरी तिला फक्त कच्चा माल पुरवी.

याच जिल्ह्यातील मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांचे उदाहरण चित्रपटाबाहेरचे असले तरी येथे टाळता येत नाही, कारण कृतीआधी तिची वार्ता पोहोचण्याचाच तो प्रकार होता: ग. ना. जोशी यांनी गायलेल्या ध्वनिमुद्रिकेने त्यांची ‘शीळ’ ही कविता घरोघरी पोहोचवली तेव्हा त्याच नावाचा त्यांचा संग्रह निघायला बराच अवकाश होता. तो 1954 मध्ये आला.

चित्रपट उपग्रहामार्फत थेट थिएटरात उतरू लागला, रंगवलेल्या फळ्याची जागा फ्लेक्सने घेतली आणि झलक हातातल्या फोनवर आली, तसे गावपातळीवरचे हे काम संपले. पुण्यात 1964 मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय भित्तिपत्रके, छायाचित्रे आणि गीतपुस्तिका जतन करते. बुलढाणा, खामगाव, मलकापूर, चिखली येथील बंद पडलेल्या टॉकीजच्या वारसदारांपाशी अशी हँडबिले, हिशेबवह्या वा रंगवलेले फळे उरले असतील, तर ते रद्दीत जाण्यापूर्वी त्यांनी या संग्रहालयाशी संपर्क साधावा.