सोनेरी बटांवर तांबूस झाक का चढते?

पार्लरमध्ये सोनेरी केलेल्या बटा महिनाभरात पिवळट, नारिंगी दिसू लागल्या की दोष बहुधा रंगाला दिला जातो. कारणे मात्र दोन असतात. काळ्या केसांतील मेलॅनिन ब्लीचने पूर्णपणे निघत नाही. उरलेले रंगद्रव्य तांबूस-पिवळे असते. धुण्याने आणि चंद्रपूरसारख्या कडक उन्हाने वरचा टोनर उतरला, की ते उघडे पडते.

दुसरे कारण पाणी. चंद्रपूर आणि गडचिरोली हे लोहखनिजाचे जिल्हे. येथील काही भागांत बोअरवेलच्या पाण्यात लोह आढळते आणि ब्लीचने सच्छिद्र झालेला केस ते शोषून घेतो. बादलीवर तांबूस थर, पांढऱ्या कपड्यांवर डाग ही त्याची खूण. लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमहून अधिक लोह असल्यास असे डाग पडतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे.

उपाय कारणानुसार ठरतो. पिवळी झाक जांभळा शाम्पू झाकतो, नारिंगी झाक निळा. आठवड्यातून एकदा पुरे. लोहाचा थर मात्र त्याने निघत नाही. त्यासाठी ईडीटीएयुक्त शाम्पू वापरावा आणि शेवटी केसांवरून गाळणयंत्राचे पाणी घ्यावे.

घाईने पुन्हा ब्लीच करणे मात्र टाळावे. केसांत साचलेले लोह हायड्रोजन पेरॉक्साइडची क्रिया भडकवते. केस तापून तुटू शकतात. आधी एका लपलेल्या बटेवर चाचणी घेणे हेच शहाणपणाचे. रंग पुन्हा चढवता येतो, तुटलेला केस जोडता येत नाही.