बेबीताईंचे जिणे आणि आमच्या आदरांजल्या

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहारात एका वृद्ध उपासिकेचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. वय पंच्याऐंशीच्या पुढे. त्रिशरण-पंचशील झाले, भन्तेजींनी परित्राणपाठ घेतला आणि नेहमीप्रमाणे भाषणे सुरू झाली. वक्ते नऊ, आणि नऊही पुरुष. प्रत्येकाने तीच दोन विशेषणे वापरली. कालकथित आई अत्यंत श्रद्धाळू होत्या आणि कुटुंबवत्सल होत्या. आमचा नंबर सातवा. आम्ही वकील, बोलण्यावर पोट भरणारे. पण आम्हीही तेवढेच बोललो आणि खाली बसलो. कार्यक्रम संपल्यावर मागच्या बाजूला पातेली घासत बसलेल्या आयाबहिणींपैकी एक जण दुसरीला म्हणाली, ‘नामांतराच्या टायमाला तिनं आठ दिवस जेलात काढले, ते कुणीच नाही सांगितलं.’ आमच्या हातात चहाचा कप होता. तो कुणी आणून दिला, तेही आम्ही पाहिले नव्हते.

घरी येऊन कपाटातून ‘जिणं आमुचं’ काढले. बेबीताई कांबळे यांचे हे आत्मकथन १९८६ साली पुस्तकरूपाने आले. चळवळीच्या व्यासपीठांवरून त्याचे नाव अनेकदा घेतले जाते, वाचले मात्र कमी जाते. बेबीताई गेल्या २१ एप्रिल २०१२ रोजी, वयाच्या ८२व्या वर्षी. त्यांच्याही बाबतीत श्रद्धाळू आणि कुटुंबवत्सल हे दोन्ही शब्द खोटे ठरणार नाहीत. बुद्ध आणि बाबासाहेबांवर त्यांची अढळ निष्ठा होती. घर, मुलेबाळे आणि संसार यांतच त्यांचे आयुष्य गेले. पण एवढ्यावर थांबणे म्हणजे फिर्यादीचे नाव वाचून खटला संपवण्यासारखे आहे.

त्यांचा जन्म १९२९चा, पुरंदर तालुक्यातल्या वीरगावी, आजोळी. त्याच वर्षी शारदा कायदा मंजूर झाला. मुलीच्या लग्नाचे वय किमान चौदा असावे, असे तो सांगत होता. बेबीताईंचे लग्न तेराव्या वर्षी लागले. हा कायदा ब्रिटिश मुलखाचा. फलटण तेव्हा नाईक-निंबाळकरांचे संस्थान. आणि जिथे तो लागू होता तिथेही त्याने लग्न रद्द होत नसे, फार तर लावणाऱ्यांना शिक्षा होई. वकिली करताना कागदावरचा कायदा आणि चुलीपुढची बाई यांतले अंतर आम्ही रोज मोजतो, पण इतके नेमके उदाहरण क्वचित सापडते. साधारण त्याच सुमारास, जुलै १९४२मध्ये, नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेब आयाबहिणींना सांगत होते की मुलींच्या लग्नाची घाई करू नका, आणि लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभे राहावे, दासी होऊ नये. ही वाणी वाटेत किती उंबरठ्यांवर अडली असेल!

श्रद्धेचे म्हणाल तर बेबीताईंनी तिची दोन्ही रूपे पाहिली. आषाढातली देवीची धामधूम, अंगात येणे, थोरला मुलगा पोतराज म्हणून देवीला सोडणे, हे सारे त्यांनी आतून लिहिले आहे. त्यात कुचेष्टा नाही आणि कौतुकही नाही. निवडुंगाची बोंडे खाऊन दिवस काढणारा, गावाचे मेलेले ढोर ओढणारा समाज दैवतापुढे का लोळण घेत होता, ते वाचताना कळते. वर्षभर सासू-नवऱ्याचा मार खाणाऱ्या सुनेचे शब्द कुणी ऐकत असेल तर अंगात आल्यावरच, असा अर्थ आम्ही त्यातून काढतो. सासुरवासाची त्यांनी दिलेली वर्णने वाचवत नाहीत. सुनेचे नाक कापण्यापर्यंत मजल जाई. शोषणाचा दोष मनुस्मृतीला देऊन आम्ही मोकळे होतो. बेबीताई मात्र मनुस्मृतीला सोडत नाहीत आणि आपल्या घरालाही सोडत नाहीत.

मग बाबासाहेब आले. जेजुरीला, म्हणजे खंडोबाच्या दारातच, त्यांनी पोरांना शिकवा, देवाच्या नादी लागू नका, मेलेल्या ढोराचे मांस टाका असे सांगितले आणि ते बायांनी कसे उचलले, याचे चित्र या पुस्तकात आहे. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर बेबीताईंची श्रद्धा संपली नाही, तिचे ठिकाण बदलले. आमचे काही विवेकवादी मित्र श्रद्धा हा शब्द ऐकताच नाक मुरडतात. त्यांना एवढेच सांगणे की ज्या बायांनी एका दिवसात देव्हारे उचलून नदीत सोडले, त्यांनी ते कोणाचा शोधनिबंध वाचून सोडले नव्हते.

आता कुटुंबाकडे येऊ. बेबीताईंच्या वडिलांनी त्यांच्या आईला घराबाहेर पडू दिले नाही. बाईमाणूस घरात कोंडलेले असणे ही तेव्हा प्रतिष्ठेची खूण होती, वरच्या जातींकडून उसनी घेतलेली. पुढे बेबीताई स्वतः संसाराला लागल्या तेव्हा दुसऱ्याच्या बांधावर राबण्यापेक्षा धंदा बरा, या विचाराने त्यांनी फलटणला द्राक्षे विकायला सुरुवात केली. त्यातून छोटे दुकान उभे राहिले. पुड्या बांधायला येणाऱ्या रद्दीतले कागद त्या वाचत. वाचता वाचता लिहू लागल्या. गल्ल्यावर बसून, गिऱ्हाईक नसताना, आणि लिहिलेले लपवून ठेवत. नवऱ्याला कळू नये, मुलालाही कळू नये म्हणून. असे थोडेथोडके नाही, जवळजवळ वीस वर्षे! फलटणमध्ये स्थायिक झालेल्या अमेरिकन अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांना या लेखनाचा सुगावा लागला, त्यांनी आग्रह धरला, तेव्हा १९८२मध्ये ते ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः छापून आले.

पुस्तकात बेबीताई स्वतःविषयी फार थोडे बोलतात. तो सगळ्या समाजाचा जबाब आहे. घरातला मार त्यांनी पुढे सांगितला, माया पंडित यांनी घेतलेल्या मुलाखतीत. ती २००८च्या इंग्रजी अनुवादासोबत छापली आहे. नवरा-बायको सभेसाठी मुंबईला निघाले होते. गाडीत गर्दी, काही तरुणांनी त्यांच्याकडे पाहिले, एवढ्यावर नवऱ्याला संशय आला आणि त्याने नाकातून रक्त येईपर्यंत मारले. सगळ्याच बाया भोगत होत्या, मग मी माझे वेगळे काय सांगायचे, असा त्यांचा एकूण सूर आहे.

सभेला जाताना! हे वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि बराच वेळ बसून राहिलो. कारण काही वर्षांपूर्वी चळवळीतल्या आमच्या एका सहकाऱ्याची पत्नी आमच्या ऑफिसात आली होती. हातावर वळ होते. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५चा कायदा ऑक्टोबर २००६पासून लागू आहे, ४९८-अ हे कलम १९८३पासून होते (आता ते न्याय संहितेत ८५-८६ झाले आहे), हे सारे आम्हाला तोंडपाठ. पण आम्ही अर्ज लिहिला नाही. दोघांना समोरासमोर बसवले, चहा पाजला आणि तिला म्हणालो, ‘ताई, जरा दमानं घ्या, चळवळीचं नाव खराब होईल.’ ती उठून गेली. पुन्हा आली नाही. त्या दिवशी आम्ही वकील नव्हतो आणि उपासकही नव्हतो.

धम्मात कुटुंबाला स्थान आहे, मोठे स्थान आहे. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी पती-पत्नीची कर्तव्ये सांगितली आहेत. पत्नीची पाच आमच्या मंगल परिणयात मोठ्याने वाचली जातात. पतीची पाच त्याआधी येतात: तिचा सन्मान करणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरातला अधिकार तिच्या हाती देणे आणि तिला वस्त्र-अलंकार देणे. ती वाचताना माईकला काय होते कोण जाणे. वधूवरांच्या मामांना जेवणाची घाई झालेली असते, हेही खरे.

बेबीताईंनी घर सोडले नाही. सोडायला हवे होते की नाही, हे ठरवण्याचा आम्हाला अधिकार नाही. त्यांनी घरात राहून घराबाहेरचे पुष्कळ केले. फलटणजवळ निंभोरे येथे मागास समाजातल्या मुलांसाठी त्यांनी निवासी शाळा उभी केली. म्हणजे ज्या मायेला आपण कुटुंबवत्सल म्हणतो, ती त्यांनी दुसऱ्यांच्या लेकरांपर्यंत नेली. ते करताना दुकान होते, स्वयंपाक होता, आजारपणे होती, आणि कुठेतरी दडवलेली ती पाने होती.

मागच्या रविवारी आम्ही त्या कालकथित आईंच्या घरी वही घेऊन गेलो. थोरली लेक, स्वतःच आता साठीच्या पुढची, सांगू लागली. बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायची, वाटणीची सुकडी स्वतः न खाता पदरात बांधून आणायची. पोरींच्या शाळेवरून घरात भांडण झालं तेव्हा तिनं दोन दिवस चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी दोघी बहिणी शाळेत गेल्या. नामांतराच्या मोर्चाला निघाली तेव्हा धाकटा तापानं फणफणला होता, त्याला शेजारणीच्या मांडीवर ठेवून गेली. जेलातून सुटून आली ती सरळ पोराला बघायला. आम्ही भराभर लिहून घेत होतो. विचारले, ‘आणि घरी आल्यावर?’

लेकीने भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे पाहिले आणि म्हणाली, ‘वकीलभाऊ, ते नका लिहू.’

ते आम्ही लिहिलेले नाही.