ताट तेवढंच, वजन दुसरंच

माझी मोठी बहीण सिडकोत राहते. आठ महिन्यांत तिचं वजन ११ किलोंनी वाढलं. दुपारी दीड भाकरी आणि रात्री वरणभात, हे तिचं ताट वर्षानुवर्षं तेच होतं. तीन डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं आणि तिघांनीही एकच सांगितलं: भात बंद करा, चाला. ती सिद्धार्थ उद्यानात फेऱ्या मारू लागली. वजन उतरेना. जिना चढताना मांड्यांत जोर राहत नाही, हे तिनं चौथ्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी तिचे बारीक झालेले दंड पाहिले, पोटावरचे रुंद जांभळे पट्टे पाहिले आणि विचारलं, "ताई, गुडघ्यांसाठी काही घेता का?"

घेत होती. ओळखीतून मिळणाऱ्या कागदी पुड्या. देणारा सांगायचा, जडीबुटी आहे. सकाळी रक्तातलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक तपासलं तर ते फारच कमी निघालं. शरीरावर खुणा कॉर्टिसॉल जास्त झाल्याच्या आणि रक्तात मात्र ते नाहीच. याचा अर्थ कॉर्टिसॉलसारखंच काम करणारं स्टेरॉइड बाहेरून, त्या पुडीतून येत होतं आणि मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींनी आपलं काम सोडून दिलं होतं. म्हणून डॉक्टरांनी पुडी एकदम तोडली नाही. तिच्या जागी मोजून दिलेली गोळी आली आणि तिची मात्रा हळूहळू उतरवली. अशी पुडी कुणी एका दिवसात फेकून दिली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं, हे तेव्हा आम्हाला घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून वाढलेल्या वजनाबद्दल सहज बोललं जाणारं काही कानावर आलं की मला राहवत नाही.

"खाणं वाढलं असेल, दुसरं काय?"

पुष्कळदा खरंच तसं असतं. खाणं, बसून काम, अपुरी झोप. वाळूजच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या माणसाची भूकच वेळ सोडून लागते, तेही यातच आलं. प्रत्येक वाढलेल्या किलोमागे आजार शोधायचा नसतो. पण स्टेरॉइड असो किंवा इन्सुलिन, ते भूकही वाढवतं. म्हणजे जास्त खाणं हे कारण नसून परिणाम असू शकतं. माणसाला दोष देऊन हा फरक कळत नाही. वजन किती दिवसांत वाढलं, शरीरावर कुठे चढलं आणि सोबत काय काय आलं, हे विचारलं तरच तो कळतो.

शरीरातच कॉर्टिसॉल जास्त तयार होऊन होणारा कुशिंग सिंड्रोम हा दुर्मीळ आजार आहे. त्याची तपासणी प्रत्येक जाड माणसाला नको. पण चेहरा गोल होत चाललाय, हातपाय बारीक आणि धड भरलेलं आहे, सहज काळेनिळे डाग पडतात, खुर्चीतून उठायला हाताचा आधार लागतो, रक्तदाब आणि साखर नव्याने वाढलीय, हे सगळं एकत्र दिसलं तर ती व्हायलाच हवी. पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी एकत्र करून २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या लक्षणापासून निदान होईपर्यंत सरासरी ३४ महिने गेले होते. जवळजवळ तीन वर्षं. त्या काळात या माणसांना काय काय ऐकावं लागलं असेल, याची मला कल्पना आहे.

"थायरॉइडच असणार"

थायरॉइड मंदावणं आपल्याकडे कमी नाही. देशातल्या आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये ते आढळलं. त्यामुळे टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावीच. मात्र मंद थायरॉइडमुळे वाढणारं वजन बहुधा दोन ते पाच किलोंच्या घरात असतं आणि त्यातलाही मोठा वाटा मीठ-पाण्याचा. टीएसएच जरासं वाढलं म्हणून १५ किलोंचा सगळा भार त्याच्यावर टाकता येत नाही. आणि टीएसएच नॉर्मल आलं म्हणजे "तुम्हाला काहीच झालेलं नाही" असंही ठरत नाही. माझ्या बहिणीचं टीएसएच नॉर्मलच होतं. तीन ठिकाणी शोध तिथेच थांबला.

"लग्न झालं की पाळी आपोआप सुरळीत होईल"

पीसीओएस, म्हणजे पाळी बिघडवणारं संप्रेरकांचं दुखणं, लग्नानं बरं होत नाही. मुंबईतल्या किशोरी आणि तरुणींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका निकषानं २२.५ टक्के मुलींमध्ये ते दिसलं, अधिक कडक निकषानं १०.७ टक्के. लांबलेली पाळी, हनुवटीवर केस, मानेवर काळपट मखमली पट्टा आणि वजन, या तक्रारी एकत्र सांगायला हव्यात. मुलगी वजनासाठी एकीकडे, पुरळासाठी दुसरीकडे आणि पाळीसाठी तिसरीकडे गेली, तर चित्र कुणालाच पूर्ण दिसत नाही.

"बीएमआय नॉर्मल आहे, काळजी नको"

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, तंतोतंत सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. एका मराठी डॉक्टरानं स्वतःचंच शरीर पुराव्यादाखल मांडलं होतं. भारतीय माणूस दिसायला किरकोळ असूनही आत चरबी साठवून असतो, हे दाखवण्यासाठी. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेर बायकांत ८० आणि पुरुषांत ९० सेंटीमीटरच्या वर गेला की सावध व्हायचं. ५० किलोंची बाई वर्षभरात ५८ ची झाली, तर तक्त्यात ती कदाचित नॉर्मलच दिसेल. तिच्यासाठी मात्र ते आठ किलो नॉर्मल नाहीत.

"पोट सुटलंय फक्त"

इथे थांबायला वेळ नसतो. चार-पाच दिवसांत दोन-तीन किलो वाढले तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. नडगीवर अंगठा दाबून धरल्यावर खळगा राहतो का, आडवं झाल्यावर दम लागतो का, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते का, ते पाहायचं. हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत, यांपैकी कशाचाही हा इशारा असू शकतो. चाळिशी-पन्नाशीच्या बाईचे हातपाय वाळत चाललेत, पोट मात्र वाढतंय आणि दोन घासांत भरतंय, तर आहाराचा तक्ता नंतर, आधी सोनोग्राफी. बीजाशयाचा कर्करोग असाच, सुटलेल्या पोटाआड लपून राहतो.

"औषधानं वजन वाढत नाही"

काहींनी वाढतं. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, फिट्ससाठीचं व्हॅल्प्रोएट, मानसिक आजारांवरचं ओलान्झापिन, नसांच्या दुखण्यावरचं प्रीगाबालिन. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या 'अंतरा' या गर्भनिरोधक इंजेक्शननंही काही बायकांचं वजन वाढतं. यातलं कुठलंही औषध मनानं बंद करायचं नाही. पर्याय आहे का, हे विचारायचा हक्क मात्र आहेच.

आता डॉक्टरांसमोर हे मांडायचं कसं? घाटी रुग्णालयाच्या ओपीडीत मराठवाड्यातून माणसं येतात आणि एकेकाच्या वाट्याला काही मिनिटंच येतात. "वजन वाढलंय हो" या वाक्यात ती मिनिटं संपतात. "मार्चमध्ये ६१ होतं, नोव्हेंबरात ७२ झालं, खाणं तेच आहे, जिना चढवत नाही" असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या हातात काहीतरी लागतं. हे केसपेपरवर लिहून घ्यायला सांगावं. आणि तरीही "चाला" एवढंच उत्तर आलं, तर शांतपणे विचारावं: "डॉक्टर, या वाढीची कोणती कारणं आपण तपासून बाजूला ठेवलीत?" यात उद्धटपणा नाही. पहिल्या तीन ठिकाणी बहिणीसोबत मी होते आणि मी हे विचारलं नाही.

तिच्या ११ किलोंतले सात उतरलेत. पिशवीत आता एक वही असते. दर रविवारी सकाळी त्याच काट्यावर घेतलेलं वजन, पाळीच्या तारखा, घेतलेल्या प्रत्येक गोळीचं, मलमाचं नाव. वहीत दोन वर्षांपूर्वीच्या हळदीकुंकवाचा एक फोटो आहे, चेहरा किती बदलला ते डॉक्टरांना दाखवायला. आणि पर्समध्ये एक चिठ्ठी: मी स्टेरॉइडवर होते, मोठं आजारपण आलं किंवा ऑपरेशनची वेळ आली तर आधी हे वाचा.