अभिजात मोटारगाडीचे पुनरुज्जीवन व रूपांतर

अभिजात मोटारगाडीचे पुनरुज्जीवन म्हणजे जुनी, नादुरुस्त किंवा गंजलेली गाडी सुटी करून, तिचे भाग दुरुस्त करून वा बदलून ती मूळ स्थितीच्या शक्य तितक्या जवळ आणणे होय. मालकाच्या आवडीनुसार गाडीचा आकार, रंग, इंजिन किंवा अंतर्भाग बदलणे यास रूपांतर असे म्हणतात. ही दोन्ही कामे व्यावसायिक कार्यशाळांत होतात, तसेच हौशी मालकांच्या घरगुती गॅरेजमध्येही होतात. पत्राकाम, वेल्डिंग व रंगकाम दोहोंत सारखेच असले, तरी त्यांचे उद्दिष्ट परस्परविरोधी असते. त्यामुळे कोणता मार्ग धरायचा, हा निर्णय पहिला पत्रा कापण्याआधीच घ्यावा लागतो. या लेखात मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मोठ्या अमेरिकी गाड्यांचा विचार केला आहे.

प्रकार

या क्षेत्रातील कामाचे साधारणपणे चार प्रकार मानले जातात.
- जतन: मूळ रंग, आसने व वापराच्या खुणा तशाच ठेवून केवळ पुढील झीज थांबवणे.
- पुनरुज्जीवन: कारखान्यातून बाहेर पडतानाची स्थिती पुन्हा निर्माण करणे.
- रूपांतर: गाडीचा आकार किंवा स्वरूप जाणीवपूर्वक बदलणे.
- रेस्टोमॉड: बाह्यरूप जुने ठेवून इंजिन, ब्रेक, वातानुकूलन इत्यादी भाग आधुनिक बसवणे.

पुसलेला मूळ रंग पुन्हा मिळवता येत नाही. त्यामुळे जतन केलेल्या गाडीचे पुनरुज्जीवन करता येते, परंतु पुनरुज्जीवित गाडी पुन्हा ‘जतन केलेली’ होऊ शकत नाही.

मोठ्या गाड्यांची वैशिष्ट्ये

१९५९ सालच्या बहुतेक कॅडिलॅक गाड्यांची लांबी २२५ इंच, म्हणजे सुमारे ५.७ मीटर होती आणि वजन दोन टनांहून अधिक होते. सर्वसाधारण घरगुती गॅरेजमध्ये अशी गाडी मावली, तरी तिच्या चारही बाजूंनी काम करण्यास जागा उरत नाही. सुटे केलेले भाग ठेवण्यासाठी गाडीने व्यापलेल्या जागेपेक्षाही अधिक जागा लागते.

या काळातील बहुतेक मोठ्या अमेरिकी गाड्यांची बॉडी पोलादी चेसिसवर बोल्टांनी बसवलेली असे. बॉडी उचलून वेगळी करता येत असल्याने दोन्हींचे काम स्वतंत्रपणे होऊ शकते. मात्र तळाचा पत्रा गंजलेला असल्यास बॉडी उचलताना वाकते. त्यासाठी दारांच्या चौकटींत आतून लोखंडी आडव्या-तिरप्या पट्ट्या तात्पुरत्या जोडतात. छत नसलेल्या गाड्यांत ही काळजी विशेष आवश्यक असते. ती न घेतल्यास काम पूर्ण झाल्यावर दारे चौकटीत बसत नाहीत.

कामाचा क्रम

नोंद व सुटे करणे: प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घेतात. बोल्ट व पट्ट्या नावे लिहिलेल्या पिशव्यांत ठेवतात आणि तारांना चिठ्ठ्या बांधतात. सुटी करणे आणि जोडणी यांत अनेकदा काही वर्षांचे अंतर पडते. तेव्हा स्मरणशक्तीवर विसंबून काम करता येत नाही. अनेक घरगुती प्रकल्प कौशल्याअभावी नव्हे, तर सुट्या भागांची ओळख हरवल्यामुळे रखडतात.

गंज: दारांखालचे पोकळ पट्टे, चाकांवरील कमानी, डिकीचा तळ आणि काचांच्या खालच्या कडा येथे पाणी साचून गंज धरतो. वरून फुगलेला रंग दिसतो तेव्हा आतील पत्रा बहुधा आरपार गेलेला असतो. असा भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापून तेथे नवा पत्रा वेल्डिंगने जोडावा लागतो. गंजावर पुट्टी भरल्यास दोष झाकला जातो, परंतु गंज आत वाढत राहतो. वाळूच्या झोताने गंज व रंग काढता येतो. मात्र बॉनेट किंवा छतासारख्या मोठ्या सपाट पत्र्यावर जोरदार झोत मारल्यास पत्रा ताणला जाऊन कायमचा लहरी होतो.

पत्राकाम: सलग वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा वाकतो. म्हणून दूर दूर अंतरावर लहान डाग देऊन, मधे थंड होऊ देत सांधा पूर्ण करतात. प्लॅस्टिकची पुट्टी रूढ होण्यापूर्वी सांधे शिशाच्या डाखाने भरत. सुमारे ३० भाग कथील व ७० भाग शिसे असलेला मिश्रधातू पूर्ण वितळण्यापूर्वी तापमानाच्या मोठ्या पट्ट्यात लोण्यासारखा मऊ राहतो आणि लाकडी चपटीने त्याला आकार देता येतो. शिशाने जड झालेल्या रूपांतरित गाड्यांना ‘लेड स्लेड’ म्हणजे शिशाची घसरगाडी हे नाव यातूनच पडले.

यांत्रिक भाग: वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन एकदम सुरू केल्यास सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे पडतात. आधी प्लगच्या छिद्रांतून तेल सोडून ते हाताने फिरवून पाहतात. टाकीतील जुने पेट्रोल काढून इंधननळ्या बदलतात, कारण इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. त्या काळातील बहुतेक गाड्यांत चारही चाकांना मिळून एकच ब्रेक-मंडल असे. एका नळीतून गळती झाली की सर्व ब्रेक निकामी होत. म्हणून मूळ स्वरूपाविषयी काटेकोर असणारे मालकही अनेकदा दुहेरी मास्टर सिलिंडर बसवतात.

विद्युत यंत्रणा: १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक गाड्यांत ६ व्होल्टची यंत्रणा होती. कापडी आवरणाच्या तारांचे आवरण झडून आग लागण्याचा धोका असल्याने तारांचा संपूर्ण जुडगा बदलणे इष्ट मानतात.

रूपांतराच्या पद्धती

छताचे खांब कापून छत खाली आणणे यास ‘चॉप’ म्हणतात. स्प्रिंग किंवा चेसिस बदलून गाडी जमिनीलगत आणणे, दारांच्या मुठी काढून पृष्ठभाग सलग करणे, पुढचे दिवे बॉडीत खोलवर बसवून त्यांच्या कडा मिटवणे आणि अन्य गाड्यांच्या जाळ्या व पट्ट्या वापरणे या रूढ पद्धती होत. यांपैकी मुठी किंवा पट्ट्या परत बसवता येतात. छत कापणे मात्र व्यवहारतः अपरिवर्तनीय असते, कारण काचांपासून आतील अस्तरापर्यंत सर्व काही नव्याने करावे लागते.

हिरोहाता मर्क

या क्षेत्रातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९५१ ची मर्क्युरी गाडी, ‘हिरोहाता मर्क’. कॅलिफोर्नियातील बॅरिस बंधूंच्या कार्यशाळेने १९५२ मध्ये बॉब हिरोहाता यांच्यासाठी तिचे रूपांतर केले. छत पुढून सुमारे ४ इंच व मागून सुमारे ७ इंच खाली आणले, मधले खांब काढले आणि बाजूंना ब्युइकच्या पट्ट्या बसवल्या. पुढे तीत कॅडिलॅकचे इंजिन आले. काही वर्षांत फॅशन बदलली. गाडी हातोहात फिरत राहिली आणि १९५९ मध्ये एका तरुणाने ती अवघ्या ५०० डॉलरला विकत घेतली. त्याने ती अनेक दशके स्वतःच्या गॅरेजमध्ये सांभाळली आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिचे पुनरुज्जीवन हाती घेतले. २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत तिचा समावेश झाला. २०२२ च्या लिलावात तिला २० लाख डॉलरहून अधिक किंमत मिळाली.

या पुनरुज्जीवनात ‘मूळ स्थिती’ म्हणून कारखान्यातील मर्क्युरी नव्हे, तर १९५२ चे रूपांतर गृहीत धरले गेले. एके काळी मूळ गाडीची हानी मानला जाणारा बदल स्वतःच जतनाचा विषय होऊ शकतो, हे यातून दिसते. गाडीवर झालेल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवण्याचे महत्त्व त्यामुळे अधोरेखित होते.

सुरक्षितता

केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे प्राणघातक ठरू शकते. सपाट, टणक जमिनीवर पक्के स्टँड लावणे अनिवार्य आहे. रिकाम्या पेट्रोल टाकीतही स्फोटक बाष्प असते, त्यामुळे तिला घरी वेल्डिंग करू नये. जुन्या ब्रेक-लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने ती हवेने फुंकून साफ करत नाहीत. शिशाचा डाख घासताना उडणारी धूळ विषारी असते. दोन घटकांच्या आधुनिक रंगांतील आयसोसायनेटमुळे कायमचा दमा होऊ शकतो आणि साधा कापडी मुखपट्टा त्यापासून संरक्षण देत नाही. याच कारणाने घरी सर्व काम करणारे मालकही रंगकाम बहुधा बाहेर सोपवतात.

भारतातील स्थिती

मोठ्या अमेरिकी गाड्यांशी मुंबईचा जुना संबंध आहे. जनरल मोटर्सने १९२८ पासून शिवडी येथे गाड्यांची जुळणी केली, तर स्वातंत्र्याच्या सुमारास वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ला येथे क्रायसलर समूहाच्या गाड्या जोडण्यास आरंभ केला.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, अव्यावसायिक दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे वैध राहते. वाहन क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसणे ही या नोंदणीची अट आहे. याशिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, काही अपवाद वगळता, निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा बदल करता येत नाही. अमेरिकेत पुनरुज्जीवन की रूपांतर हा मुख्यतः मालकाच्या आवडीचा प्रश्न असला, तरी भारतात छत कापलेली किंवा इंजिन बदललेली गाडी व्हिंटेज नोंदणीस मुकू शकते.